डोक्याला मुका मार लागल्यावर

नमस्कार श्रोतेहो. फुटबॉलचा हंगाम आला की कोल्हापुरात शाहू स्टेडियम भरतं, आणि आम्हा फिजिओथेरपीवाल्यांकडे डोकं धरून बसलेली पोरं यायला लागतात. हेडरला दोघं एकदम उडाले, कपाळावर कपाळ आपटलं. रक्त नाही, सीटी स्कॅनही नॉर्मल. मग मित्र म्हणतात, "काय झालं नाही, खेळ की लेका!" आणि घरी आजी त्याला पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवते. दोन्ही नको.

अशा मारानं मेंदूला हादरा बसतो, त्याला कन्कशन म्हणतात. बिघडतं ते त्याचं काम, म्हणून स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पहिले २४ ते ४८ तास आराम करायचा. मोबाईल कमी, गाडी आणि दारू बंद. मात्र उलट्या थांबेनात, डोकेदुखी वाढतच गेली, फिट आली किंवा माणूस जागाच होईना, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

दोन दिवसांनी चालायला लागा. रंकाळ्यावर गर्दी नसताना, सावकाश. त्रासाला दहापैकी गुण द्या. चालताना तो आधीपेक्षा फार तर दोन गुणांनी वाढला आणि तासाभरात उतरला, तर हरकत नाही. जास्त झाला की थांबा, उद्या थोडं कमी चाला.

आता सैल होण्याचं. मार बसला की मान आखडते, आणि पुष्कळदा डोकेदुखीचं मूळ तिथंच असतं. उताणे पडा, पोटावर हात ठेवा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग खांदे कानाकडे ओढून धरा आणि सोडून द्या. पैलवान मंडळींना हे फार मिळमिळीत वाटतं, पण करून बघा. शीर्षासन आणि कपालभाती सध्या नको. आणि कटिंगनंतर न्हाव्याकडून कटकन मान मोडून घ्यायची आपली हौस? ती तर मुळीच नको.

दहा दिवसांनंतरही चक्कर राहिली, तर फिजिओथेरपिस्ट नजरेचे व्यायाम देतात. हात लांब करून अंगठा समोर धरायचा, नजर त्यावरच ठेवून मान डावी-उजवीकडे फिरवायची. सुरुवातीला गरगरतं, म्हणून पहिल्यांदा ते बसून आणि त्यांच्या देखरेखीखालीच करा.

मैदानावर परतताना आधी हलकं धावणं, मग एकट्यानं बॉल, मग टीमबरोबर सराव. प्रत्येक पायरीला निदान २४ तास द्या. धडकाधडकीचा खेळ आणि हेडर सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टर हो म्हणाले तरच.