अग्निशमन केंद्र किती लांब आहे?

नमस्कार मंडळी! शहराच्या कडेला नवी वस्ती वाढतेय. कारखानदार जागा बघायला येतो. रस्ता, वीज, पाणी सगळं बघतो. पण विमा कंपनी आणखी एक गोष्ट विचारते: अग्निशमन केंद्र किती लांब?

अमेरिकेत याचं चक्क प्रगतिपुस्तक असतं. आयएसओ, म्हणजे इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस नावाची संस्था, बहुतेक भागांना १ ते १० मधला वर्ग देते. १ म्हणजे उत्तम, १० म्हणजे देवाच्या भरवशावर. मूळ १०० गुणांपैकी ५० अग्निशमन दलाला, ४० पाणीपुरवठ्याला, १० फोन घेणाऱ्या यंत्रणेला. पाण्याला ४०, हे मला फार पटतं. बंब चकाचक आणि हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ, कोरडा, काय करायचंय? केंद्रापासून रस्त्याने ५ मैलांपलीकडे गेलात की सहसा थेट दहावा वर्ग. मग विमा महाग होतो, कधी मिळतच नाही. विमा नाही तर बँक कर्जाला हात लावत नाही, आणि कर्जाशिवाय गोदाम उभं राहणार कसं?

मग विमा कंपन्यांनीच बंब ठेवावेत की! लंडनमध्ये तसंच होतं. १८३३ मध्ये १० कंपन्यांनी मिळून एक दल चालवायला घेतलं. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटची गोदामं जळाली, दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड त्यात गेले, आणि कंपन्यांनी हात वर केले. १८६५ च्या कायद्याने सार्वजनिक दल आलं. खर्च स्थानिक कर, सरकार आणि विमा कंपन्या, तिघांत वाटला.

खरी गोची आहे वेळेची. माणसं आधी राहायला येतात, त्यांचा मालमत्ता कर मागाहून येतो. बिल्डरकडून विकास शुल्क घेता येतं, पण बऱ्याच ठिकाणी ते इमारत आणि गाड्यांनाच वापरता येतं, पगाराला नाही. आणि मोठा खर्च पगाराचाच! हिशेब करा: आठवड्याचे १६८ तास. एक माणूस ४२ तास काम करतो असं धरलं, तर बंबावरची एक जागा चोवीस तास भरायला ४ माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर ५. रुग्णवाहिकेचंही तेच.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, केंद्र बांधा, कारखाने धावत येतील. नाही हो! रस्ता-पाणी नसेल तर बंब नुसता उभा राहील. पण बाकी सगळं असताना केंद्र नसलं, तर गाडं विम्यापाशी अडतं.

तेव्हा उद्घाटनाची फीत कापली जाताना एवढंच विचारा: रात्रपाळीला किती माणसं, आणि त्यांचा पुढच्या वर्षीचा पगार कुठून?