फातोर्ड्याआधीचे पाच दिवस

[दृश्य: सावंतवाडी. कोल्ड्रिंकच्या दुकानामागची खोली. टेबलावर खडूने आखलेलं मैदान.]

निवेदन:

कॅरमच्या सोंगट्या असतात 19. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. फुटबॉलचे दोन संघ मांडायचे तर लागतात 22. म्हणून यांत सोड्याच्या बाटलीची तीन बुचं मिसळलेली आहेत. काळ्या भारताच्या, पांढऱ्या सिंगापूरच्या. दोन बुचं दोन गोलकीपरना. तिसरं सिंगापूरच्या ज्या खेळाडूची जास्त धास्ती, त्याला. ते इखसान फांदीच्या वाट्याला आलंय, कारण गेल्या सामन्यात गोल त्याने मारला. राणी कोणाची, याबद्दल मात्र दुमत नाही. ती सुनील छेत्रीची.

आता ही राणी पहिल्या मिनिटापासून टेबलावर ठेवायची, की टेबलाच्या कडेला? पाच दिवस वाद चालला तो मुख्यतः यावर.

9 ऑक्टोबर 2025 ला भारत सिंगापूरमध्ये 1-1 असा बरोबरीत सुटला. परतीचा सामना 14 तारखेला मडगावला, फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर.

[दृश्य: गटाचा तक्ता.]

आधी गणित. एशियन कपच्या पात्रता फेरीतला हा चार संघांचा गट. 2027 मध्ये सौदी अरेबियाला जाणार फक्त पहिला. दुसऱ्या नंबराला काही नाही. प्रत्येकाचे तीन सामने झाले तेव्हा हाँगकाँग 7 गुण, सिंगापूर 5, भारत 2, बांगलादेश 1. भारताने शिलाँगला बांगलादेशाशी 0-0 केलं, हाँगकाँगला भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर 0-1 हार खाल्ली आणि मग सिंगापूरची बरोबरी. तीन सामन्यांत गोल एक. तोही 90व्या मिनिटाला रहीम अलीने समोरच्यांच्या चुकलेल्या बॅकपासवर मारलेला.

उरलेले तिन्ही जिंकले तर भारताचे 11 होतात. फातोर्ड्याला बरोबरी झाली तर जास्तीत जास्त 9, आणि मग दुसऱ्यांच्या निकालांकडे डोळे लावून बसायचं. म्हणजे ‘एक गुण तर एक गुण’ असा संघ निवडायची सोयच नव्हती.

[दृश्य: बांदा, पात्रादेवीचा नाका, गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या.]

सिंधुदुर्गात मैदान मोकळं दिसलं की त्यावर टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. फुटबॉलचं वेड दक्षिणेकडून, गोव्यातून वर आलंय. शिरोडा, वेंगुर्ले, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यात ते जास्त. फातोर्ड्याचा सामना म्हणजे इथे घरचाच सामना. जाताना मांडवी किंवा कोकणकन्येने सावंतवाडीहून मडगाव गाठता येतं. परतीला ते जमत नाही. रात्री सामना सुटतो तेव्हा मुंबईकडे जाणारी कोकणकन्या कधीच निघून गेलेली असते. त्यामुळे पाचजण मिळून गाडी, आणि गाडीत पुन्हा तोच वाद.

“छेत्रीक पयल्यापासून खेळवक होयो.”

“आणि धावतलो कोण, तात्यानू?”

दोन्ही बाजूंना दम आहे. छेत्री तेव्हा 41 वर्षांचा. 2024 च्या जूनमध्ये निवृत्त झाला, 2025 च्या मार्चमध्ये परत आला आणि मालदीवविरुद्ध 95वा आंतरराष्ट्रीय गोल मारला. बॉक्समध्ये कुठे उभं राहायचं आणि बचावपटूच्या पाठीमागून कधी सुटायचं, यात त्याच्या जवळपास येणारा भारतीय स्ट्रायकर आजही नाही. पेनल्टी मिळाली तर मारायला तोच हवा. पण समोरच्या स्टॉपरकडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, चेंडू गेला की त्याच्यावर धावून जाणं, तो गोलकीपरकडे वळला की पुन्हा धावणं, हे काम 90 मिनिटं त्याच्याकडून होणार नाही. मग ते मागच्या कोणाला तरी करावं लागतं. तो पुढे गेला की त्याच्यामागे मधे भोक पडतं. रहीम अली धावतो, दमवतो, पण त्याच्या पायात छेत्रीचा गोल नाही.

दुसरा स्ट्रायकर तयारच का झाला नाही, याचं उत्तर सोपं आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात. क्लब त्यातली एक जागा हमखास नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरवर, खर्च करतात. भारतीय पोरगा स्ट्रायकर म्हणून वर येतो आणि क्लबात गेला की विंगवर, म्हणजे कडेला, ढकलला जातो. मनवीर सिंग याचं ठळक उदाहरण: उंचपुरा, हेडर मारणारा, पण मोहन बागानसाठी वर्षानुवर्षं उजव्या कडेला. त्यात त्या मोसमात लीग सुरूच झालेली नव्हती. व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने ती अडकून पडली होती. ऑक्टोबरमध्ये संघात आलेल्या बऱ्याच जणांच्या पायात नियमित सामने नव्हते. सरावात ते कळत नाही. साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला पोटरीत गोळे येतात तेव्हा कळतं.

तरीही आमच्या मते टेबलावरची माणसं चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत होती.

[दृश्य: टेबल. एक काळी सोंगटी उचलली जाते.]

सिंगापूरला 47व्या मिनिटाला संदेश झिंगनला दुसरं यलो कार्ड मिळालं. दोन यलो म्हणजे रेड, आणि रेड म्हणजे पुढचा सामना बाहेर. टेबलावरून एक सोंगटी कमी झाली. बघा आता काय काय हलतं.

झिंगन नाही, तर अन्वर अलीच्या जोडीला स्टॉपर कोण? पहिलं नाव निघतं मुंबईकर राहुल भेकेचं. भेके स्टॉपरही खेळतो आणि राइट बॅकही, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. त्याला मधे आणला की राइट बॅकच्या जागी दुसरा माणूस लागतो. तो कसा असायला हवा, हे ठरतं त्याच्या पुढच्या विंगरवरून. तिथे आहे लालियानझुआला छांगते.

छांगतेचा पाय डावा, खेळतो उजव्या कडेला. चेंडू मिळाला की तो आत वळतो आणि डाव्या पायाने मारतो किंवा पास देतो. फटका मारायला हे उत्तम. पण आत वळल्यावर कडेची सगळी जागा रिकामी होते. तिथून बाहेरच्या बाजूने राइट बॅक धावत वर आला, तर समोरच्या लेफ्ट बॅकला दोघांपैकी एकालाच धरता येतं. नाही आला, तर तो लेफ्ट बॅक निवांत आत सरकतो आणि छांगतेसमोर दोन माणसं उभी राहतात.

डावीकडे याचीच उलटी आवृत्ती. गोव्याचा लिस्टन कोलासो उजव्या पायाचा आणि खेळतो डावीकडे. तोही आत येतो. दोघे एकदम आत आले की बॉक्ससमोर गर्दी होते, क्रॉस येत नाहीत, आणि मधे उभा असलेला स्ट्रायकर, छेत्री असो की रहीम, चेंडूची वाट पाहत बसतो. म्हणजे स्ट्रायकर कोण हा प्रश्न दोन्ही बॅक कोण यावर अडलेला.

म्हणून लेफ्ट बॅक डाव्या पायाचाच हवा. कडेवरून धावता धावता क्रॉस मारायचा तर चेंडू बाहेरच्या पायावर असावा लागतो. उजव्या पायाच्या माणसाला थांबून वळावं लागतं, तेवढ्यात बचाव जागेवर येतो. इथे मोहम्मद उवैसचं नाव घेणारे दोघंच होते. बाकीच्यांना तो फार माहीत नव्हता. त्याचं नाव घ्यायला कारण आणखी एक: त्याचा लांब थ्रो.

[दृश्य: वेंगुर्ले कॅम्प मैदान. एक मुलगा थ्रो-इन टाकतो. पायांचा क्लोजअप.]

लांब थ्रो कोकणातल्या मैदानांवर कोणी मनावर घेत नाही. नीट बघा. फेकताना दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला, रेषेवर किंवा रेषेबाहेर. दोन्ही हात, चेंडू डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून. मागचा पाय उचलला की फाउल थ्रो, चेंडू समोरच्यांना. धाव तीन-चार पावलांची पुरते. ताकद खांद्यापेक्षा पाठीच्या कमानीतून येते. समोरच्याला किमान दोन मीटर लांब राहावं लागतं. आणि मोठा फायदा म्हणजे थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. गोलकीपरला चिकटून माणूस उभा करता येतो. बिघडतं कुठे? स्टॉपर दोघेही हेडर मारायला पुढे जातात आणि मागे कोणी राहत नाही. चेंडू गोलकीपरच्या हातात गेला की समोरच्या संघाला अर्धं मैदान मोकळं. म्हणून अशा थ्रोला मागे दोन, आणि बॉक्सच्या बाहेर परतलेला चेंडू उचलायला एक माणूस ठेवायचाच.

प्रशिक्षक खालिद जमील हे हत्यार वापरणारा माणूस. 2016-17 मध्ये त्यांनी आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली ती बचाव घट्ट ठेवून आणि झटपट प्रतिहल्ला करून. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघ हाती घेतला, आणि मध्य आशियाई संघांच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला. त्या शूटआउटमुळे गोलकीपरचा वाद पाच मिनिटांत मिटला: गुरप्रीत सिंग संधू.

पण फातोर्ड्याची अडचण अशी, की प्रतिहल्ल्यावर जगणाऱ्या संघाला इथे स्वतः हल्ला करायचा होता. दोन्ही बॅक वर गेले की मागे दोन स्टॉपर आणि त्यांच्यापुढे मधल्या फळीतले दोन हाफ. यातल्या एका हाफने जागा सोडायची नाही, हा या मांडणीचा कणा. बचावाची ओळ आणि हाफ यांच्यातलं अंतर 10-12 मीटरच्या वर गेलं, की त्या पट्टीत समोरचा मधला खेळाडू तोंड गोलकडे करून चेंडू घेतो. मग स्टॉपरला पुढे जावं तर पाठ उघडी, न जावं तर समोरून फटका. ही ओळ पुढे-मागे ओरडून हलवण्याचं काम झिंगन करायचा. त्याची उणीव हेडरपेक्षा या ओरडण्यात जास्त भासणार होती.

टेबलावर या जागेसाठी कोणी भांडलं नाही. तिथे हाताला येईल ती काळी सोंगटी पडत होती.

[दृश्य: वहीचं पान, पाच बदल्यांचा हिशोब.]

बदली खेळाडूंचा हिशोब मात्र इथे चोख होता. बदल पाच करता येतात, पण खेळ चालू असताना फक्त तीन वेळा थांबून; मध्यंतरातला बदल यात धरत नाहीत. म्हणजे एकेक करून बदलत बसलात तर तीन बदलांनंतर दार बंद, हातात दोन माणसं शिल्लक. ऑक्टोबरचा उकाडा, समुद्राकडची दमट हवा. रात्रीसुद्धा जर्सी अंगाला चिकटते. दोन्ही विंगर साठाव्या मिनिटाच्या आसपास एकाच थांब्यात बदलायचे, पंचाहत्तरीला आणखी दोन, आणि शेवटचा थांबा दुखापतीसाठी राखून ठेवायचा, असं वहीत लिहिलेलं. छेत्री सुरुवातीला नको म्हणणाऱ्यांचा मुद्दाही इथेच बसत होता: समोरचे स्टॉपर दमल्यावर त्याच्या चलाखीला जास्त भाव.

ही वही एका गोष्टीवर उभी होती, की साठाव्या मिनिटापर्यंत आपण मागे पडलेलो नसू.

[दृश्य: फातोर्डा, फ्लडलाइट.]

14 ऑक्टोबर. 14व्या मिनिटाला छांगते आत वळला आणि लांबून डाव्या पायाने मारलं. 1-0. गोल आल्यावर संघ नकळत मागे सरकतो, बॅक वर जायचे थांबतात, आणि आघाडी सांभाळायची की दुसरा गोल शोधायचा यात मधली फळी ताणली जाते. 44व्या मिनिटाला सिंगापूरची बरोबरी. 58व्या मिनिटाला दुसरा गोल. दोन्ही सॉन्ग उई-यॉन्गचे. टेबलावर हा साधी पांढरी सोंगटी होता. बूच इखसानला दिलेलं.

आता साठाव्या मिनिटाचे बदल दमलेल्यांना विश्रांती म्हणून न होता, गोल फेडायला करायचे होते. स्ट्रायकर वाढवले की मधला माणूस कमी होतो. मधला कमी झाला की चेंडू पुढे पोचतच नाही, लांब टोलवावा लागतो, आणि उभ्या बचावाला लांब चेंडू आवडतातच. 1-2 तसंच राहिलं.

त्याच दिवशी हाँगकाँग आणि बांगलादेश 1-1 सुटले. हाँगकाँग 8, सिंगापूर 8. भारत 2, उरलेले दोन्ही जिंकूनही 8च. आणि त्या दोघांचा आपसातला एक सामना बाकी होता, म्हणजे कोणीतरी 8 च्या पुढे जाणारच. भारत त्या रात्रीच बाहेर.

परतीच्या गाडीत नवा वाद लागला. 18 नोव्हेंबरला ढाक्याला बांगलादेश. सामना पात्रतेच्या दृष्टीने निकामी, मग पोरांना खेळवायचं की जुन्यांना? निकामी सामन्याचेही फिफा क्रमवारीत गुण धरतात, आणि पुढच्या स्पर्धांचे गट पाडताना हीच क्रमवारी बघतात. त्यामुळे ‘सगळी पोरं घाला’ म्हणणं सोपं, निस्तरणं अवघड. झिंगनची एका सामन्याची बंदी तोवर संपलेली. ढाक्यात 11व्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला, आणि भारत 2003 नंतर पहिल्यांदा बांगलादेशकडून हरला.