कुणीतरी नुकतंच उठून गेलंय

ही खोली बघा. खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलापाशी खुर्ची, भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट. मापं चोख, रंग जुळलेले, उजेडही भरपूर. तरीही बघताक्षणी कळतं, हे थ्रीडी आहे, म्हणजे संगणकावर उभी केलेली खोली. इथे कधी कुणी राहिलेलंच नाही.

आपण टेबलाच्या कडेपासून सुरुवात करू. कॅमेरा अगदी जवळ नेऊ.

सॉफ्टवेअरमध्ये चौकोनी फळी काढली की तिची कड धारदार येते. इतकी, की तिला जाडीच नसते. खऱ्या लाकडाला अशी कड नसते. सुताराने रंधा मारलेला असतो, वरून पॉलिश पेपर फिरवलेला असतो, नंतर वर्षानुवर्षं कुणाचे तरी हात टेकलेले असतात. कड मिलिमीटरभर गोल होते आणि त्या गोलाईवर उजेडाची एक बारीक रेघ उमटते. आता कडेला दीड मिलिमीटरचं बेव्हल, म्हणजे तशीच गोलाई, देऊ. दिसली रेघ? एवढ्यानेच टेबलाला वजन आलं. मी कुठलाही सीन उघडला की आधी कडा बघते. त्या धारदार असतील तर बाकीची मेहनत पाण्यात जाते.

आता उजेड. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात संशोधकांनी एका साध्या खोक्याचं चित्र संगणकाकडून काढून घेतलं. खोक्याची एक भिंत लाल, समोरची निळी, बाकी पांढरं. त्या पांढऱ्यावर शेजारच्या भिंतींच्या रंगाची झाक उतरली होती. उजेड भिंतीवर आपटतो, तिथला रंग घेतो आणि पुढे जातो, हे त्या खोक्यात दिसलं. १९८६ मध्ये संशोधक जेम्स काजिया यांनी ही सगळी देवाणघेवाण एका समीकरणात मांडली. आजचे बहुतेक रेंडर इंजिन, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून चित्र काढणारे प्रोग्राम, त्याच समीकरणाचं उत्तर शोधत असतात.

म्हणूनच भिंतीला शंभर टक्के पांढरा रंग देऊ नका. चांगला पांढरा रंगसुद्धा पडलेल्या उजेडाचा साधारण ऐंशी टक्केच भाग परत पाठवतो. शंभर टक्के दिलात तर उजेड कुठे शोषलाच जात नाही, कोपरे उजळ राहतात आणि खोली धुतल्यासारखी दिसते. कोपऱ्यांना अंधार लागतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवा, उभ्या रेषा उभ्याच राहू द्या आणि खोली मोठी दिसावी म्हणून लेन्स फार वाइड करू नका.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. वापर.

खोली जुनी दाखवायची म्हणून अनेकजण सगळ्या पृष्ठभागांवर ओरखड्यांचं एक टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, पसरून मोकळे होतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. खोली मळकी दिसायची, वापरातली दिसायची नाही. कारण झीज सगळीकडे सारखी होतच नाही. ती हाताच्या, पायाच्या आणि उन्हाच्या वाटेनं जाते.

हे दिव्याचं बटण बघा. अंधारात चाचपडणारी बोटं रोज त्याच्याभोवती टेकतात. तिथला रंग फारसा बदलत नाही, चकाकी बदलते. म्हणून हा डाग रंगात काढायचा नाही, रफनेस मॅपमध्ये, म्हणजे कुठे किती चकाकी हे ठरवणाऱ्या चित्रात, काढायचा. समोरून तो जवळजवळ दिसत नाही. खिडकीचा उजेड तिरपा पडला की मात्र बटणाभोवती एक तुकतुकीत वर्तुळ दिसतं. तसंच खणाच्या मुठीखाली आणि खुर्चीच्या हातांच्या टोकाशी. कपाटाच्या वरच्या फळीवर कुणाचा हात पोचत नाही, म्हणून तिथे धूळ आणि तिथेच कोरं पॉलिश. खिडकीकडच्या पुस्तकांच्या पाठी फिकट, आतल्यांचे रंग शाबूत. भिंतीवर जिथे फार दिवस एक फ्रेम टांगलेली होती, तिथे मूळ रंगाचा एक चौकोन.

आयकिया या फर्निचर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये २००६ साली संगणकावर बनवलेली एक लाकडी खुर्ची छापली गेली, तीही उत्पादनाचं खरं चित्र म्हणून. पुढे तिथे फोटोग्राफरांना थ्रीडी शिकवलं गेलं आणि थ्रीडीवाल्यांना फोटोग्राफी. मला हे फार पटतं. खऱ्या खोलीत दिवे लावून, चादर ओढून, उशी चेपून ज्याने फोटो काढलाय, त्याला नीटनेटकी गोष्ट किती खोटी दिसते हे ठाऊक असतं.

पण पसारासुद्धा कुणाचा तरी असावा लागतो. मी पूर्वी प्रत्येक टेबलावर एक उघडं पुस्तक, एक चष्मा आणि एक कप ठेवायचे. सगळ्या खोल्यांमध्ये जणू एकच माणूस राहायचा. आता मॉडेल उघडण्याआधी मी कागदावर चार ओळी लिहिते: इथे कोण राहतं?

या खोलीत राहणारी बाई डावखुरी आहे. ती रात्री लिहिते. म्हणून दिवा तिच्या उजवीकडे, नाहीतर हाताची सावली अक्षरांवर पडेल. पेन आणि कप डावीकडे. कपाच्या बुडाची दोन अर्धवट वर्तुळं लाकडावर उमटलीत, तीही डावीकडेच. दिव्याची वायर टेबलामागून खाली गेलीय आणि मधेच एका वहीखाली दबलीय. उशीला मध्यभागी खळगा आहे. खुर्चीच्या मागच्या पायांनी जमिनीवर दोन फिकट चरे ओढलेत, कारण उठताना ती खुर्ची उचलत नाही, मागे ढकलते.

खुर्ची आत्ताही तशीच आहे. टेबलापासून हातभर मागे, दाराकडे किंचित वळलेली. रेंडर सुरू करते. आधी नुसते ठिपके, मग भिंत, मग कडेवरची ती उजेडाची रेघ. दिवा चालूच राहिलाय.