साडेचार ग्रॅम मिठाचं बिल

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? येतोय. माईक खरखरतोय पण चालेल, ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलीय, माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेन. फळ्यावर जो विषय दिसतोय, ‘कीटो आहार आणि क्षारांचा समतोल’, तो सेक्रेटरींनी लिहिलाय. मी दिलेलं नाव होतं ‘मीठ खा’. ते म्हणाले, अहो अर्धा हॉल बीपीवाला आहे, असं लिहिलं तर घरचे कुणाला पाठवणार नाहीत. तेही खरंच. मला पाऊण तास मिळालाय, सात वाजता इथे झुंबा आहे, तेव्हा लवकर मुद्द्यावर येतो. (हशा) हसू नका, येतो.

आधी एक सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही आणि कीटोची जाहिरात करायलाही आलेलो नाही. ज्यांना करायचंय ते करतातच. आपल्याकडे ‘दिवसातून दोनदाच जेवा, तेही पंचावन्न-पंचावन्न मिनिटांत’ अशी लाट येऊन गेली, तेव्हा या हॉलमधले निम्मे लोक घड्याळ लावून जेवत होते, मीही होतो. कीटो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीतच आहे, भात-पोळी-भाकरी-साखर बंद, दिवसाला फार तर २० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, बाकी तूप, लोणी, पनीर, अंडी, खोबरं. आणि हे काही इन्स्टाग्रामवर जन्मलेलं नाही बरं का, १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर नावाच्या डॉक्टरांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला, ‘कीटोजेनिक’ हे नावही त्यांचंच. वजन कमी करायचं वेड नंतरचं.

तर माझं वेड. गणपतीच्या आठवडाभर आधी कीटो सुरू केलं. गणपतीच्या आधी. यावरून माणसाच्या अकलेचा अंदाज घ्या. पण वजन पहिल्या सहा दिवसांत अडीच किलो उतरलं, त्यामुळे मी हवेत. बायको म्हणाली चेहरा उतरलाय, मी म्हटलं वजन उतरलंय. डोकं दुखायचं, जिना चढताना पोटऱ्या भरून यायच्या, रात्री पायात वांब, म्हणजे गोळे, यायचे, वर्गात डस्टर उचलायला वाकलो की डोळ्यांपुढे काजवे. नेटवर वाचलं की याला ‘कीटो फ्लू’ म्हणतात, भरपूर पाणी प्या, आठवड्यात जातो. म्हणून मी फोनवर अलार्म लावून दिवसाला चार लिटर पाणी प्यायला लागलो. आणि जेवणात मीठ कमी, कारण आता तब्येतीचं करतोच आहोत तर सगळंच करू. फरसाण बंद, पापड बंद, लोणचं पोळीबरोबर खातात आणि पोळीच नाही तर लोणचं कशाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नववा दिवस. चुलत भावाकडे आरती. आमच्या घराण्यात आरती म्हणजे सुखकर्तापासून सुरू करून ओळखीच्या सगळ्या देवांना हजेरी लावायची, मग घालीन लोटांगण, मग मंत्रपुष्पांजली, ती सगळ्यांना अर्धीच येते पण जोर पूर्ण असतो. चाळीस मिनिटं उभा, बंद खोली, कापूर, धूप, पस्तीस माणसं. मग मी नमस्काराला वाकलो. वाकण्यापर्यंत ठीक होतं. उठलो आणि पुढचं मला सांगोवांगी माहीत आहे, असं म्हणतात की मी शांतपणे, जराही घाई न करता, शेजारच्या मेव्हण्याच्या अंगावर आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा तोंडात मोदक. आत्याने कोंबलेला. ‘साखर कमी झाली असेल रे’, आणि वर, ‘बाप्पासमोर मोदकाला नाही म्हणालास ना, बघ’. नऊ दिवसांची तपश्चर्या एका उकडीच्या मोदकात गेली, आणि खोटं कशाला बोलू, तो मोदक अप्रतिम होता.

मग हॉस्पिटल. वय ५८, छातीत दुखतंय का, नाही, तरी ईसीजी, रक्त, इको, एक रात्र देखरेख. त्यांची चूक नाही, त्या वयाचा माणूस कोसळला तर हृदय बघायलाच हवं. हृदय ठणठणीत. सोडियम १३१ आलं, असायला हवं १३५ ते १४५. पोटॅशियम ३.४, तेही काठाच्या जरा खाली. एक सलाईन लावलं, दोन तासांत मी उठून बसलो, डोकं साफ, गप्पा सुरू. आणि पडल्यापडल्या मी वर टांगलेली बाटली वाचत होतो, जुनी सवय, प्रयोगशाळेतल्या बाटल्या वाचायची. सोडियम क्लोराइड, ०.९ टक्के, ५०० मिली. म्हणजे १०० मिलीला ०.९ ग्रॅम, ५०० ला साडेचार ग्रॅम. मंडळी, साडेचार ग्रॅम म्हणजे आपला चहाचा चमचा, तोही सपाट भरलेला नाही, जरा कमी. एकतीस वर्षं मी पोरांना या मिठाचं रासायनिक सूत्र पाठ करायला लावलं आणि त्याच्याच एका चमच्यापायी मेव्हण्यावर पडलो. बिल झालं ११,४०० रुपये.

आता माझं दुखणं ऐका, खरं तर यासाठीच मी व्याख्यान मागून घेतलंय. डिस्चार्जच्या वेळी हातात कागद दिला, छापील, त्यात शेवटची ओळ: ‘आहारात मीठ कमी ठेवावे.’ मी त्या तरुण डॉक्टरला विचारलं, अहो तुम्ही आत्ता मला नसेतून मीठ दिलंत ना? तो बिचारा हसला, म्हणाला काका, तो फॉर्मॅट आहे. फॉर्मॅट! तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

(इथे एका श्रोत्याने विचारलं की मीठ कमी खावं हे चूक आहे का.)

नाही, अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, कारण मिठात वजनाने साधारण ४० टक्के सोडियम असतं. भात-पोळी खाणाऱ्या माणसाला ते बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही भात-पोळी सोडलीत त्या दिवशी तुमच्या मूत्रपिंडाने नियम बदलला, आणि तुम्ही जुनाच नियम पाळत बसलात.

कसा बदलला ते बघा. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन, चारपाचशे ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं बंद, साठा संपला, पाणी सुटलं. माझे ते अडीच किलो, त्यातली चरबी किती होती ते आता मला कुणी विचारू नका. दुसरं, कर्बोदकं कमी म्हणजे इन्सुलिन कमी. इन्सुलिन म्हणजे नुसतं साखरेचं खातं सांभाळणारा कारकून नाही, ते मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायलाही सांगतं. ते उतरलं की मूत्रपिंड सोडियम सोडतं, सोडियमच्या मागे पाणी, रक्ताचं आकारमान कमी, आणि मग घालीन लोटांगण. उपासातही हेच होतं, पहिले काही दिवस. त्यात नुसतं पाणी चार लिटर ढोसलं की उरलंसुरलं सोडियमही पातळ. म्हणजे मी नवव्या दिवशी नाही पडलो, पहिल्या दिवशी पापड आणि लोणचं सोडलं तेव्हाच पडायला सुरुवात केली होती.

एक गंमत सांगू का, मीठ हा शब्द संस्कृत ‘मिष्ट’वरून आलाय, म्हणजे गोड. हिंदीत मीठा म्हणजे गोडच, मराठी आणि गुजरातीत मात्र ते खारट झालं. आमच्या स्टाफरूममध्ये एक उत्तर प्रदेशचे सर होते, त्यांना कँटीनच्या पोऱ्याने ‘मीठ कमी आहे का’ विचारलं की ते म्हणायचे, नहीं नहीं, मीठा ठीक है. पंधरा वर्षं त्यांनी अळणी उसळ खाल्ली. आणि आपण राहतो कुठे, मुलुंडला, पूर्वेला मिठागरं, लहानपणी ते पांढरे ढीग बघत मोठे झालो. १९३० मध्ये शिरोड्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, आणि आपण ते फुकट सोडतो.

किती मिनिटं उरली? बारा? अरे बापरे. बरं.

गुलाबी सैंधव. हे बोलल्याशिवाय मी उतरणार नाही. कीटोवाले हटकून ते घेतात, म्हणे त्यात चौऱ्याऐंशी खनिजं. असतील हो, पण सैंधवसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, बाकीचं नावापुरतं, त्यातून पोटॅशियम-मॅग्नेशियमची गरज भागवायची तर मीठ किलोने खावं लागेल. चव आवडते, घ्या. पण बरंचसं सैंधव आयोडीनशिवाय येतं, तेव्हा घरातलं आयोडीनयुक्त मीठ हद्दपार करू नका.

आता भराभर. सोडियम: कीटोवर काम करणारे फिनी आणि व्होलेक हे अमेरिकन संशोधक दिवसाला ३ ते ५ ग्रॅम सोडियम सांगतात, जेवणातलं धरून. म्हणजे साडेसात ते साडेबारा ग्रॅम मीठ, दीड ते अडीच चमचे. हे फक्त ज्यांचं बीपी, हृदय, मूत्रपिंड धड आहे त्यांच्यासाठी. एकदम नको, खालच्या टोकापासून. मी काय करतो, सकाळी एक ग्लास कोमट पाणी, पाव चमचा मीठ, लिंबू, साखर नाही. संध्याकाळी तेच किंवा पातळ ताक, हिंग-जिरं-मीठ. मटण खाणाऱ्यांची तर चैन आहे, आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे मटण शिजवलेलं जे पाणी असतं त्याला अळणी म्हणतात, नाव अळणी आणि मीठ घालून प्यायचं. ओआरएस, ते जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी? उत्तम शोध, १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, डॉक्टर दिलीप महालनबीसांनी त्यावर हजारो जीव वाचवले, पण त्यात ग्लुकोज मुद्दाम घातलेलं असतं, आतड्यातून सोडियम आत ओढायला, लिटरला साडेतेरा ग्रॅम. जुलाब झाले तर कीटो गेलं खड्ड्यात, ओआरएसच घ्यायचं. रोजचं पेय म्हणून नको.

पोटॅशियम. माझं ३.४ का आलं? सोडियम कमी पडलं की शरीर अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडतं, ते मूत्रपिंडाला सांगतं सोडियम वाचव आणि बदल्यात पोटॅशियम टाक. म्हणून आधी मीठ भरायचं, नाहीतर पोटॅशियम कितीही खा, गळतंच. आणि ते गोळ्यांनी नको, मनाने तर मुळीच नको, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. भाज्यांतून: पालक, माठ, मशरूम, परवडलं तर ॲव्होकॅडो. केळं आणि नारळपाणी आठवलं असेल, पण एका शहाळ्यात दहा-बारा ग्रॅम साखर सहज, वीस ग्रॅमवाल्यांचा अर्धा कोटा. पालक उकडून पाणी ओतू नका, पोटॅशियम त्या पाण्यात जातं. मुतखडा असेल तर उलट, त्यांनी ओता, आणि पालकाबद्दल आधी विचारा.

मॅग्नेशियम, दिवसाला ३०० ते ४०० मिलिग्रॅम. मूठभर भोपळ्याच्या बिया, ३० ग्रॅम, दीडशेच्या आसपास. बदाम, तीळ. हे कमी असेल तर पोटॅशियमही टिकत नाही. गोळी घ्यायची तर ऑक्साइड स्वस्त पण शोषलं कमी जातं आणि सकाळ घाईची होते, सायट्रेट किंवा ग्लायसिनेट बरं. वांब मात्र त्यानेच जातील अशी खात्री नको, म्हाताऱ्या पायांच्या वांबांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसलेला नाही, माझे मिठाने गेले.

हो, हो, दोनच मिनिटं, त्या ताई चटया घेऊन आल्यात, या ना बसा. सगळ्यात महत्त्वाचं शेवटी राहिलं, ते शेवटी राहायला नको होतं. बीपीची गोळी चालू असेल तर कीटोत बीपी उतरतं, डोस बदलावा लागतो, डॉक्टरांना आधी सांगा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर सोडियम-पोटॅशियम दोन्हीकडून जाईल. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांवर असाल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर ‘कमी सोडियम’वालं मीठ स्वतःहून आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. आणि मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असाल तर कीटो स्वतःच्या मनाने अजिबात नाही, साखर नॉर्मल दिसत असताना रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, मीटरवर कळतसुद्धा नाही.

शेवटचा प्रश्न. काय? लोणचं चालेल का? चालेल, पण गूळ न घातलेलं, म्हणजे आंबट-गोड लिंबाचं नाही, कैरीचं तिखट. पोळीशिवाय कसं खायचं? पनीरला लावून खा. मीही आधी तोंड असंच केलं होतं.