पावसाळा वगळून मोजलेलं जंगल

मित्रहो, गोव्यातल्या कुळ्याहून कर्नाटकातल्या कॅसलरॉककडे घाट चढणारी मालगाडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दूधसागरपाशी ती अगदी रेंगाळत जाते, मागून जोडलेली इंजिनं तिला वर ढकलत असतात. चढण सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. १८८०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीत हा लोहमार्ग घातला गेला, त्याच्या शेजारी दुसरा रूळ टाकायचा, म्हणजे तिनईघाट ते वास्को दुपदरीकरण करायचं, असा प्रस्ताव आहे. त्याची वाट भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून जाते.

आता कायदा काय सांगतो? पर्यावरण मंजुरी कुणाला लागते याची यादी १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेत आहे. तिच्यात महामार्ग आहेत, बंदरं आहेत, विमानतळ आहेत. रेल्वे नाही! वनजमिनीची आणि अभयारण्याची परवानगी घ्यावी लागते, पण त्या अधिसूचनेखालची जनसुनावणी रेल्वेला बंधनकारक नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते. कारण "साहेब, तुमच्या नकाशात हा व्हाळच (ओढाच) नाही" असं गावातला माणूस उठून सांगू शकतो, ते जनसुनावणीत.

महामार्गासारख्या प्रकल्पांत पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास होतो, तिथंही बहुधा एकाच ऋतूची मोजणी चालते, आणि तीही पावसाळा सोडून. हवेतली धूळ किंवा आवाज मोजायला ते ठीक असेल. पण हा सह्याद्री आहे. इथला बेडूक जूनच्या पहिल्या सरींबरोबर ओरडायला लागतो, देवगांडूळ भिजल्या मातीत वर येतं, मार्चमध्ये कोरडी दिसणारी घळ जुलैत अंगावर येते. भराव कुठं घालायचा, मोरी केवढी ठेवायची, डोंगर कुठं कापला तर दरड येईल, ही सगळी उत्तरं त्या चार महिन्यांत मिळतात. तेच महिने गाळले, तर हाती काय उरतं?

मोलेत आणखी एक गोष्ट घडली. लोहमार्ग, महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकाच जंगलात आले, पण प्रत्येकाची फाईल वेगळी. शेकरूला फाईल कळत नाही हो! त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला सलग फांद्या हव्या असतात.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं गरजेचाच प्रश्न विचारला: चढण तीच राहणार, तर दुसऱ्या रुळानं क्षमता वाढणार किती? थोडीशीच, असा तिचा निष्कर्ष होता. ९ मे २०२२ रोजी न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं दिलेली मंजुरी रद्द केली. मात्र जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणायची मुभा रेल्वेला ठेवली.

म्हणून कुळे, मोले परिसरातल्या तुम्हा मंडळींना माझी विनंती आहे. येत्या जूनपासून आपापल्या व्हाळाच्या नोंदी ठेवा. पाणी कुठवर चढलं, कुठल्या तारखेला, दरड कुठं सुटली, गवे कुठून उतरले. वहीत लिहा, फोटो काढा, खाली तारीख घाला.