आधी पान उलटा, मग पंप उचला

मंडळी, ‘कोबीवरील माव्याचं नियंत्रण’ असा विषय जाहीर झालाय, आणि औषधांची यादी मिळेल म्हणून बरेच जण वही उघडून बसलेत. तिकडे येतोच. त्याआधी एक दुखणं मांडू द्या.

पानातला रस शोषणारा हा मावा तुम्हाला नवा नाही. रब्बीत चार दिवस आभाळ आलं की पुरंदर, खेड, जुन्नर, कुठल्याही प्लॉटात पानाखाली राखाडी थर दिसतो. त्याच्या अंगावर मेणाची पूड असते. मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत पुन्हा वितात. शेतकरी धास्तावतो, ते साहजिक आहे.

खेडकडच्या एका प्लॉटवर गेलो होतो. भाऊ म्हणाले, “सर, दुकानातून तीन औषधं एकत्र करून दिली. मारली, तरी मावा हाय तसाच. हे बघा.” पान उलटलं, तर त्यावर तपकिरी, टणक, फुगलेले गोळे. तो मेलेला मावा होता! भिंग त्यांच्या हातात दिलं. प्रत्येक गोळ्याच्या पाठीवर गोल भोक. डायरेटिएला नावाची मुंगीहून बारीक माशी माव्याच्या अंगात एक अंडं घालते, तिची अळी आतून मावा खाते आणि भोक पाडून माशी होऊन बाहेर पडते. भाऊ बराच वेळ भिंग सोडेनात. पण घरात चौथ्या फवारणीची बाटली येऊन पडली होती! पान न बघता काउंटरवरून औषध देणं आता थांबलं पाहिजे. त्या मिश्रणात सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे सरसकट सगळेच किडे मारणारं औषध, असलं की मित्रकिडे आधी मरतात, आणि मोकळ्या रानात मावा दुपटीनं वाढतो.

तसंच ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या, अळीचं. काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी लांबट. “हिच्यावर काय मारू?” असं हमखास विचारतात. अहो, तिला मारू नका, जेवू द्या! तिचं जेवण म्हणजे तुमचा मावा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर लिहून घ्या. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक लागवडीआधी 15 दिवस पेरा, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर ओढले जातात, तिथेच त्यांना गाठा. युरियाचा हात आखडा, लुसलुशीत पानावर मावा जास्त. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, पाणी 100 लिटर करा. कोबीचं पान मेणचट, पाणी घसरतं, म्हणून औषध पानाला चिकटवणारं द्रावण, स्टिकर, हवंच, आणि नोझल पानाखालून फिरवा. हवेत ओल असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही माव्याला मारणारी बुरशी संध्याकाळी फवारा, पण बुरशीनाशकात मिसळू नका.

एवढं करूनही नव्या पानांवर मावा चढतोय आणि टणक गोळे दिसत नाहीत, तरच रासायनिक औषध. तेही लेबलवर कोबी आणि मावा लिहिलेलं, आणि फवारणी ते काढणी यातला काळ मोजून. त्याआधी गड्डा मार्केट यार्डात पाठवायचा नाही, तो कुणाच्या तरी घरी पोरांच्या ताटात जातो.

आता प्रश्न. ज्यांनी पान सोबत आणलंय त्यांनी आधी पुढे या.