जुनी बंदूक विकताना: रोख भाव खरा की एक्स्चेंजचा?

नमस्कार मंडळी! जुन्या गाड्या, जुने कॅमेरे, जुनी कपाटं, सगळ्यांचे हिशेब आपण या चॅनेलवर केले. बंदुकीचा करावा लागेल असं वाटलं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला.

मामांची कुडाळजवळ काजूची बाग आहे. माकडं आणि रानडुकरं आहेतच, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. परवान्यावर बारा बोरची (बोर म्हणजे नळीचं माप) जुनी दुनळी. ती आता खांद्याला जड होते, म्हणून ती काढून हलकी एकनळी घ्यायचा बेत. दुकानदाराने दोन भाव सांगितले. नुसती विकलीत तर 15,000. माझ्याकडून नवी घेतलीत तर जुनीचे 22,000 धरतो. मामा खूश! म्हणाले, "बघ, बसल्या जागी 7,000 सुटले."

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून) म्हटलं मामा, नवीचा भाव काय सांगितला? 40,000. आणि तशीच नवी दुसऱ्या दुकानात, जुनी न देता? 32,000. आता करा वजाबाकी. 40 मधून 22 गेले, खिशातून 18,000. दुसरीकडे 15 ला विकली आणि 32 ला घेतली, तर खिशातून 17,000. म्हणजे ते 7,000 मामांच्याच खिशातले, वर आणखी 1,000 गेले ते वेगळेच. हे आकडे मामांच्या एका बंदुकीचे आहेत, बाजारभाव म्हणून लिहून घेऊ नका. पण एक प्रश्न लिहून घ्या: "जुनी दिली नाही, तर नवी कितीला?" हा आधी विचारायचा. जुनी बंदूक काउंटरवर ठेवल्यानंतर नाही.

दुकानदारावर राग धरू नका हं. त्याला ती जुनी महिनोन्‌महिने सांभाळायची आहे, रजिस्टरला चढवायची आहे, परवाना असलेलं गिऱ्हाईक शोधायचं आहे. जुनी बाइक कुणीही घेतो. बंदुकीला गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे परवाना आहे, त्या परवान्यावर तेवढी जागा आहे आणि ज्याला नेमकी तीच बोर हवी आहे, तो. तालुक्यात असे असणार किती? त्यात शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाची मर्यादा तीनवरून दोन हत्यारांवर आली. तिसरं एका वर्षात सोडायचं होतं. मुदतीवर आलेल्याला चांगला भाव कोण देणार?

आता तिसरा रस्ता: ओळखीतल्या परवानाधारकाला थेट विकणं. मामांच्या गावातलाच एक जण 25,000 द्यायला तयार आहे. रस्ता कायदेशीर आहे, पण इथे मी मुद्दाम हळू बोलतो. शस्त्र कायद्याचं पाचवं कलम सांगतं की जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं: कुठलं हत्यार, कुणाला, त्याचं नाव, पत्ता. आणि कळवल्यापासून किमान 45 दिवस उलटल्याशिवाय हत्यार हातातून सोडायचं नाही. "तुझी दुनळी मला, माझी रायफल तुला" अशी नुसती अदलाबदल केली तरी ते हस्तांतरणच. पैसे फिरले नाहीत म्हणून नियम सुटत नाही. न कळवता किंवा 45 दिवसांआधी हत्यार दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चहाच्या टपरीवर व्यवहार उरकणाऱ्यांसाठी सांगतोय.

म्हणजे 25,000 आणि 15,000 मधला फरक हा त्या 45 दिवसांचा, कागदांचा आणि खेटे घालण्याचा मोबदला आहे. माझ्या मते मामांनी तो कमवावा. त्यांना घाई नाही. वडील गेल्यावर हत्यार घरात राहिलंय आणि वारसाकडे परवाना नाही, अशा घराची गोष्ट निराळी. तिथे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे विनाविलंब जमा करावं लागतं, आणि दुकानदार ठेवायचं भाडं लावतो. तिथे कमी रोख घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं ठरू शकतं.

भाव उलटा चढतो तो परदेशी बनावटीचा. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकाला बाहेरून हत्यार आणणं जवळपास बंद झालं. त्यामुळे आधीच देशात आलेली जुनी रिव्हॉल्व्हरं लाखांत जातात. तिथे एक्स्चेंजच्या गप्पा ऐकायच्याच नाहीत. आणि "रोख" म्हणजे नोटा नव्हेत बरं. 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड स्वीकारता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

मग मामांच्या दुनळीचे 25,000 येतील कशावरून? गंज किती, दस्त्याला तडा आहे का, हे सगळेच बघतात. जाणकार आणखी एक करतो. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघतो. मग नळ्या सोडवून एका बोटावर लटकवतो आणि नखाने टिचकी मारतो. दोन नळ्यांमधला डाख, म्हणजे त्यांना जोडणारा धातूचा सांधा, शाबूत असेल तर देवळातल्या छोट्या घंटेसारखा आवाज लांबतो. कुठे सुटला असेल तर "थड्" होऊन थांबतो. नुसत्या "थड्" वर घासाघीस सुरू होते.

मामांची दुनळी छान वाजली, मी फोनवर ऐकली. घेणारा तिथेच होता. विसार काढून बसला होता, मामांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली आणि पोचेच्या मागे पेन्सिलीने 45 वा दिवस लिहून ठेवला. घेणारा आता रोज संध्याकाळी येतो, बंदूक बघतो, चहा पितो आणि जातो. मामी म्हणते, चहाचे पैसेही भावात धरा.